अक्षरांचे आकडे : टोल-फ्री नंबरची गोष्ट

अमेरिकेत फुलं विकणारी एक मोठी कंपनी आहे. तिचा फोन नंबर हेच तिचं नाव : १-८००-फ्लॉवर्स. फोनच्या बटणांवर हे इंग्रजी अक्षर एक-एक करून दाबलं की ३५६-९३७७ हा आकडा तयार होतो. जिम मॅकॅन नावाच्या फूलविक्रेत्याने १९८०च्या दशकात हा नंबर ज्या कंपनीकडे होता ती कंपनीच घेतली, आणि तिच्यासोबत सुमारे ७० लाख डॉलरचं कर्जही डोक्यावर घेतलं. सात आकड्यांसाठी एवढं? प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधताना अक्षर आणि आकडा यांचं जुनं नातं समोर येतं. उर्दू वाचणाऱ्यांना ते नातं परकं नाही.

फोनवर अक्षरं आली ती जाहिरातीसाठी नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत टेलिफोन एक्स्चेंजला नावं असत. त्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं फिरवायची आणि पुढे आकडे. म्हणून डायलवर २ पासून ९ पर्यंत अक्षरं छापली गेली. १ आणि ० कोरे राहिले. पुढे कंपन्यांनी नावं काढून नुसते आकडे आणायला सुरुवात केली, तेव्हा लोक चिडले. १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'अँटी-डिजिट डायलिंग लीग' नावाची संघटनाच उभी राहिली. भाषातज्ज्ञ एस. आय. हयाकावा तिच्यात होते. माणसाला शब्द लक्षात राहतो, आकडा राहत नाही, असं या मंडळींचं म्हणणं होतं. ते लढाई हरले. पण त्यांचा मुद्दा किती खरा होता, हे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत व्यापाऱ्यांनी सिद्ध केलं.

१९६७ मध्ये एटी अँड टी कंपनीने ८०० ची सेवा सुरू केली. फोन करणाऱ्याला पैसे नाहीत, बिल दुकानदाराला. त्याआधीही अशी सोय होती, पण मध्ये ऑपरेटर लागे. सुरुवातीच्या ८०० नंबरमधले पुढचे तीन आकडे भागाप्रमाणे ठरलेले होते, त्यामुळे मनासारखा शब्द जुळवणं जवळपास अशक्य होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्सच्या रॉय वेबर यांच्या कल्पनेतून नवी पद्धत आली. आता नंबर हा पत्ता राहिला नाही. तो फिरवला की यंत्रणा एका मोठ्या यादीत बघते आणि खरा फोन कुठे आहे ते शोधून तिथे जोडते. त्या दिवसापासून ८०० च्या पुढे कुठलाही शब्द बसू लागला आणि शब्दांची पळवापळवी सुरू झाली.

आता हिशेब करू. ८०० च्या पुढे सात आकडे येतात. त्यातला पहिला ० किंवा १ चालत नाही, आणि पहिल्या तिनांत शेवटी ११ चालत नाही. उरतात सुमारे ७९ लाख नंबर. यातले ० आणि १ असलेले बाजूला काढले, की सातही आकड्यांवर अक्षरं असलेले फक्त २१ लाखांच्या आसपास राहतात. 'फ्लॉवर्स' हा एकच नंबर. नंतर ८८८, ८७७, ८६६, ८५५, ८४४ आणि ८३३ अशा सहा मालिका उघडल्या. म्हणजे पूर्ण सात अक्षरी शब्दाला साऱ्या देशात जागा सातच. पण तुम्हाला शेवटी फक्त 'रोझ' हवं असेल, ७६७३, तर एका मालिकेत सुमारे ७९० नंबर मिळतील आणि सात मालिकांत साडेपाच हजार. हट्ट तीन अक्षरांनी कमी केला, की संधी शेकडो पटींनी वाढते.

अर्थात हे नंबर चिठ्ठ्या टाकून वाटले गेले नाहीत. नियम होता, जो आधी येईल त्याला. १९९३ पर्यंत तर नंबर टेलिफोन कंपनीला बांधलेला असे. कंपनी बदलली की नंबर गेला. त्या वर्षी तो सोबत नेण्याची मुभा मिळाली. १९९६ मध्ये ८८८ उघडली तेव्हा ८०० वाल्यांनी आमच्या शब्दाचा जोडनंबर दुसऱ्याला देऊ नका असा आग्रह धरला, आणि असे लाखो नंबर बाजूला ठेवावे लागले. रांगेत नव्याने उभ्या राहणाऱ्याची संधी तिथेच आटली.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी संस्थेने एक गोष्ट मात्र ठामपणे मांडली : नंबर ही कुणाची मालमत्ता नाही, ती सार्वजनिक ठेव आहे. १९९७ च्या नियमांनी नंबर साठवून ठेवणं आणि ते विकणं यावर बंदी घातली. आपल्या भाषेत सांगायचं तर नंबर ही अमानत आहे. तरी बाजार थांबला नाही. शेवटी ८३३ मालिकेतल्या ज्या सुमारे १७ हजार नंबरांवर एकापेक्षा जास्त दावे आले होते, त्यांचा २०१९ मध्ये लिलाव झाला. बोली बंद पाकिटासारखी गुप्त. जिंकणाऱ्याने द्यायची ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची रक्कम.

नंबर मिळाला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. एटी अँड टीने १-८००-ऑपरेटर अशी जाहिरात केली. शेवटून दुसऱ्या अक्षराला अनेक जण 'ओ' ऐवजी 'ई' लिहितात, हे तिच्या प्रतिस्पर्धी एमसीआयने हेरलं आणि तो चुकीच्या स्पेलिंगचा नंबर घेऊन ठेवला. जाहिरातीचा खर्च एकाचा, ग्राहक दुसऱ्याचा! हॉलिडे इनच्या नंबरात 'ओ' च्या जागी शून्य दाबणाऱ्यांचे फोनही असेच दुसऱ्या एका एजन्सीकडे जात. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९६ मध्ये अपील कोर्टाने निकाल एजन्सीच्या बाजूने दिला : तिने हॉलिडे इनचं नाव कुठे वापरलंच नव्हतं, फक्त आकडा घेतला होता.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. शब्दातून आकड्याकडे जाणारी वाट एकच असते, पण आकड्यातून शब्दाकडे परतायला हजारो वाटा. अक्षरांच्या एका सात आकडी नंबरातून सरासरी ३,८०० हून अधिक अक्षरजुळण्या निघतात. आकडा कुणाच्याच शब्दाशी इमान राखत नाही.

आपल्याकडे हेच अबजदबद्दल खरं आहे. अलिफ १, बे २, असे करत गैन १००० पर्यंत प्रत्येक अक्षराला किंमत आहे. बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम यातल्या अक्षरांची बेरीज १०२, ६६, ३२९ आणि २८९ मिळून ७८६. पण उर्दूत 'हरे कृष्णा' लिहून बेरीज केली तर २१५ आणि ५७१, तीही ७८६! यात कुणी लहान-मोठं होत नाही. आकड्याचा स्वभावच तसा आहे. कागदावरच्या पवित्र शब्दांची बेअदबी होऊ नये म्हणून वडीलधारे चिठ्ठीच्या माथ्यावर ७८६ लिहीत, त्यांची भावना नेक होती. मात्र हा आकडा कुरआनात किंवा हदीसमध्ये कुठेही नाही.

आणि त्याची दुर्मिळता? मोबाइल नंबराच्या शेवटी ७८६ येण्याची शक्यता हजारात एक. म्हणजे एक कोटी नंबरांत असे दहा हजार. तरी फॅन्सी नंबरांच्या लिलावात त्यासाठी चढ्या बोली लागतात, गाडीच्या नंबरासाठी जादा फी भरली जाते, आणि कधी कधी हप्त्यावर रिक्षा घेणाराही त्यात ओढला जातो. मॅकॅनने कर्ज घेतलं ते फुलं विकण्यासाठी. ग्राहकाला नंबर आठवला की धंदा होणार होता. आपल्या रिक्षावाल्याला नंबर पाहून कोण भाडं देणार आहे?

जुन्या तारीखगो शायरांनी याहून शहाणी रीत दाखवली होती. हिजरी सन ठरलेलं असे, ते बदलता येत नसे. शायर त्या आकड्यात बसणारे शब्द शोधत बसे. जन्म, मृत्यू, मशिदीचं बांधकाम, सगळ्यांच्या तारखा अशा निघाल्या. अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या दुकानदारांनीही, नकळत, हेच केलं : मिळाला तो नंबर घेतला आणि त्यात कुठला शब्द दडला आहे ते पाहिलं. वाट्याला आलेल्या आकड्यात अर्थ शोधायला पैसे लागत नाहीत, थोडी भाषा यावी लागते. आणि बिस्मिल्लाह म्हणायला तर कुठलाच नंबर लागत नाही.