‘लुटणे’ आणि ‘नागवणे’

पांढुर्णा आणि सौंसर या भागात घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, हा परिपाठ जुना आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला व हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. दोन भाषांच्या या शेजारात ‘लूट’ हा शब्द दोघींचा सामाईक, संस्कृत ‘लुण्ठ्’ धातूपासून आलेला. तरीही संक्रांतीला मराठी सुवासिनी वाण ‘लुटतात’ हे ऐकून हिंदीभाषक शेजारीण बुचकळ्यात पडते. तिच्या ‘लूटना’मध्ये केवळ घेणे आहे, देण्यासाठी तिला ‘लुटाना’ हे वेगळे रूप लागते. आपण तर दसऱ्याला सोने लुटतो आणि सुटीत आनंदही. शब्दाची धार अशी बोथट होत गेली.

‘नागवणे’ मात्र तसेच राहिले. नागवा करणे, अंगावरचे वस्त्रही न ठेवणे, हा त्याचा मूळ अर्थ. आनंद कोणी नागवीत नाही! ‘मुलूख मारणे’ ही स्वारी करणाऱ्याची भाषा. ‘नागवणे’ ही, माझ्या मते, ज्याच्यावर स्वारी आली त्याची.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांचे तळ नर्मदाकाठी होते आणि तेथून नागपूरकडे येणाऱ्या वाटा सातपुडा ओलांडून याच पट्ट्यात उतरत. १८११ मध्ये पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले व त्यांनी शहराबाहेरील वस्ती जाळली. हे लोक आश्रयदात्या सरदारांना ‘पालपट्टी’ नावाचा कर भरीत. म्हणजे लुटीला परवाना होता आणि त्याचे शुल्कही ठरलेले होते. महसुलाची ही बाब कोणत्याही हिशेबनिसाला थक्क करील. त्यांच्या रीतीचा मोजलेला पुरावा दूरच्या गुंटूर प्रांताचा आहे. १८१६ च्या स्वारीत तेथे सुमारे बारा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली. १८२ माणसे मारली गेली, ५०५ जबर जखमी झाली आणि ३,६०३ जणांना यातना देण्यात आल्या. मृतांच्या जवळजवळ वीसपट असलेली ही यातना भोगलेली माणसे ‘लूट’ या शब्दात दिसत नाहीत. ‘नागवणे’ म्हटले की ती डोळ्यांपुढे उभी राहतात.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य घेतले. हत्ती, घोडे, बैल नागपुरातच विकले गेले, जवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास गेले. या व्यवहारात तलवार उपसावी लागली नाही. कागदोपत्री त्याला शब्द मिळाला ‘खालसा’. वाड्यातील बाकाबाईंच्या बाजूने पाहिले तर तो जुनाच होता.