परकीय मदत आणि तिचं मूल्यमापन : कर्वे ते किल्लारी

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. परदेशातून पैसा येतो, सरकार तो आपल्या धोरणावर खर्च करतं, आणि काही वर्षांनी कुणीतरी त्रयस्थ येऊन त्याचं मूल्यमापन करतं. दिल्लीतल्या माणसाला हा फायलींचा विषय वाटेल. नांदेड-लातूरच्या माणसाला तसा वाटायचं कारण नाही. औशाच्या पुढं उमरग्याच्या बाजूला निघालात, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी सरळ रेषेत आखलेली गावं दिसतात, ती याच विषयावर उभी आहेत.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं शब्दापाशी थांबायची सवय जडली आहे. ती सांभाळून घ्या. ‘मूल्यमापन’ या शब्दात दोन शब्द आहेत, मूल्य आणि मापन. मापन करायला पट्टी पुरते. मूल्य ठरवायला माणूस लागतो. किती घरं बांधली हे मोजता येतं; ती ज्याच्यासाठी बांधली त्याला ती किती मोलाची आहेत, हे त्यालाच विचारावं लागतं. विचारलं की लगेच पुढचा प्रश्न येतो : त्याला खरं सांगता येतं का? आजचं व्याख्यान याच प्रश्नावर आहे.

सुरुवात १९५२ पासून करू. त्या वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीला, देशभरात ५५ सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले. जानेवारीत भारत आणि अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला होता, त्यातला पैसा या कामात होता. फोर्ड फाउंडेशनचीही मदत होती. आपला नांदेड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. पोलीस ॲक्शनला जेमतेम चार वर्षं झालेली.

त्याच वर्षी सरकारनं आणखी एक गोष्ट केली, आणि ती आपण फारशी लक्षात ठेवलेली नाही. या कार्यक्रमावर नजर ठेवायला ‘कार्यक्रम मूल्यमापन संघटना’ स्थापन केली. तिचे पहिले संचालक होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे, म्हणजे आपलाच मराठी माणूस. रचनेतली गंमत बघा. प्रकल्प चालवणारं प्रशासन वेगळं आणि तपासणारी संघटना वेगळी. ती योजना आयोगाच्या छत्राखाली होती, म्हणजे सरकारबाहेरची नव्हती. पण ज्याचं काम तपासायचं त्याच्या हाताखालची नव्हती.

पन्नासच्या दशकात तिचे अहवाल ओळीनं येत गेले. त्यांत रस्ते, विहिरी, शाळाखोल्या यांचे आकडे होतेच. पण त्यांनी एक अडचणीची गोष्टही लिहिली : कार्यक्रम लोकांचा व्हायला हवा होता, तो सरकारचाच राहिला आहे, आणि फायदा बऱ्याच ठिकाणी आधीच सुस्थितीत असलेल्यांकडं जातो आहे. सरकारी छत्राखाली बसून हे लिहायचं! पुढं १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीनं लोकांनी निवडलेल्या संस्थांच्या हाती कारभार द्यावा असं सुचवलं. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती आली आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज आपण झेडपीच्या नावानं बोटं मोडतो, तो भाग वेगळा. पण झेडपीच्या कुळकथेत एक प्रामाणिक मूल्यमापन आहे, हे विसरू नये.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. प्रकल्पाला दिलेला पैसा दिसतो. धरण दिसतं, भिंत दिसते. पण परकीय पैसा कधी कधी प्रकल्पाला मिळत नाही, सरकारच्या आर्थिक धोरणाला मिळतो. ‘तुम्ही अमुक धोरण घ्या, आम्ही पाठबळ देतो.’ हा पैसा तिजोरीत जातो आणि ओढ्याचं पाणी नदीत मिसळावं तसा मिसळतो. कुठला रुपया कुठं गेला, सांगता येत नाही.

१९६४-६५ मध्ये जागतिक बँकेनं बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक भारतात पाठवलं. त्यांनी आपल्या अर्थव्यवस्थेची झडती घेतली आणि सुचवलेल्या गोष्टींत रुपयाचं अवमूल्यन होतं. ६ जून १९६६ ला ते झालं. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे मोजत होतो, ते साडेसात मोजायला लागलो. लागोपाठ दोन दुष्काळांचा तो काळ. बदल्यात वाढीव मदत येईल ही जी अपेक्षा होती, ती पुढच्या काळात पुरी झाली नाही. यात मूल्यमापन झालं, पण ते घेणाऱ्याचं झालं; देणाऱ्याचं कुणी केलं नाही. सावकार कुळाची पत तपासतो, कुळानं सावकाराची तपासायची नसते, तसंच हे. १९९१ ला पुन्हा परकीय चलनाची गंगाजळी आटली, नाणेनिधी आणि बँकेकडं जावं लागलं, आणि डिसेंबरात बँकेचं ५० कोटी डॉलरचं ‘संरचनात्मक समायोजन’ कर्ज मंजूर झालं. त्या धोरणानं देशाचं भलं झालं की नाही, यावर आजही वाद होतो, आणि तो व्हावा. पण खेड्यातल्या माणसाला त्या धोरणाबद्दल कुणी घरी येऊन विचारलं, असं आम्ही तरी पाहिलं नाही.

याच सुमाराला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळं मूल्यमापन चालू होतं. सरदार सरोवरासाठी बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर कबूल केले होते. धरण गुजरातेत, पण बुडणारी तेहेतीस गावं आपल्या तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणीकडची. आदिवासींनी आणि आंदोलनानं इतका रेटा लावला, की बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांचा स्वतंत्र आयोग नेमावा लागला. जून १९९२ च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की चालू परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं नीट पुनर्वसन शक्य दिसत नाही, आणि बँकेनं मागं सरून पुनर्विचार करावा. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. पुढं धरण झालंच, हा भाग निराळा. पण बँकेला धडा घ्यावा लागला. २२ सप्टेंबर १९९३ ला तिच्या संचालक मंडळानं ‘तपासणी पॅनेल’ नेमायचा ठराव केला. बँकेच्या प्रकल्पामुळं ज्याचं नुकसान होईल, तो थेट तिथं तक्रार करू शकेल, अशी ती सोय.

तारीख लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर. त्यानंतर आठव्या दिवशी, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीला भूकंप झाला.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचं माळवद. तेच अंगावर आलं. सरकारी हिशेबानं सुमारे आठ हजार माणसं गेली. त्या रात्रीबद्दल इथं जास्त बोलत नाही. या सभागृहातही अशी घरं असतील, जिथं त्या दिवशी श्राद्ध असतं.

१९९४ मध्ये जागतिक बँकेनं पुनर्वसनासाठी सुमारे २४.६ कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज दिलं. आपण त्याला मदत म्हणतो, पण ते कर्ज होतं. त्या काळच्या रीतीप्रमाणं केंद्र असा पैसा राज्याला ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान म्हणून देत असे. कार्यक्रम प्रचंड होता. पार मोडलेली ५२ गावं नव्या जागी वसवायची. २२ गावांत नव्यानं घरं बांधायची. आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या जवळपास अडीच हजार गावांत लोकांनी स्वतःच आपली घरं दुरुस्त आणि मजबूत करायची, सरकारनं हप्त्याहप्त्यानं मदत द्यायची.

या ५२ गावांत घर कुणाला केवढं, याचा एक नियम होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ७५० चौरस फूट. आता आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक इथं अडतो. ज्याचं जेवढं होतं तेवढ्या प्रमाणात त्याला परत द्यायचं, ही न्यायाची एक कल्पना आहे, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. ज्याचा वीस खणांचा वाडा पडला, त्याचंही नुकसान खरंच होतं. पण माती सगळ्यांवर सारखीच पडली होती. जुन्या गावातली विषमता काळाच्या ओघात झाली होती. नव्या गावात ती आपण आराखडा काढून, सिमेंटमध्ये, नव्यानं बांधली.

मूल्यमापन करणारा इथं काय विचारतो? ‘नियमाप्रमाणं घर मिळालं का?’ उत्तर बहुतेक ठिकाणी ‘होय’. ‘नियम बरोबर होता का?’ हा प्रश्न त्याच्या फॉर्मात नसतो. धोरण हे मापाच्या पलीकडचं मानायचं आणि अंमलबजावणी तेवढी मोजायची, ही मूल्यमापनाची जुनी खोड आहे.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. अभिमानाची नाही. त्या वर्षांत एका संस्थेच्या पाहणीसाठी आम्ही विद्यार्थी घेऊन एका नव्या गावात गेलो होतो. छापील फॉर्म होते. त्यात एक प्रश्न, नव्या घराबद्दल समाधानी आहात का? होय किंवा नाही. दिवसभरात शंभरावर फॉर्म भरले. जवळपास सगळे ‘होय’. एका आजींकडं आमच्या विद्यार्थ्यानं विचारलं, त्या म्हणाल्या, ‘लिही की लेकरा, होय म्हणून.’ पेन खिशात गेल्यावर त्यांनी हळूच आम्हाला विचारलं, की ज्वारी कुठं ठेवायची? जुन्या घरात भिंतीत बळद होतं, दारात ढाळज होती, बैल डोळ्यांसमोर होते. इथं बैल कुठं बांधायचे? आम्ही म्हटलं, आजी, मग ‘होय’ का सांगितलंत? त्या म्हणाल्या, घराचा कागद अजून हातात नाही. नाव यादीतून जायला नको.

आम्ही तो फॉर्म तसाच ठेवला. ‘होय’ खोडलं नाही, शेजारी काही लिहिलं नाही. फॉर्मात शेरा लिहायला जागा नव्हती, हे आमचं तेव्हाचं समर्थन. मागं कोरा कागद होता, हे आज कळतं.

तर मुद्दा असा. मूल्यमापन स्वतंत्र आहे का, हे बघताना आपण मूल्यमापकाचा पगार बघतो. तो कुणाच्या पैशानं आला, कुणाच्या गाडीतून उतरला. ते बघावंच. पण आम्ही पूर्ण स्वतंत्र होतो. आम्हाला ना सरकारचा पगार, ना बँकेचा. परतंत्र होत्या त्या आजी. उत्तर देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक नसेल, तर विचारणाऱ्याचं स्वातंत्र्य कवडीमोलाचं आहे. अक्कलकुवा-अक्राणीच्या आदिवासींकडं गमवायला सगळं होतं, पण ते संघटित होते, म्हणून ‘नाही’ म्हणू शकले आणि मोर्स यांना ते ऐकू आलं. आमच्या आजी एकट्या होत्या.

किल्लारीच्या कार्यक्रमात याची जाण कुणालाच नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. घरदुरुस्तीच्या गावांत महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. गावातलीच बाई घरोघर जाऊन भूकंपाला टिकणारं बांधकाम समजावून सांगायची, तक्रार वर पोचवायची. तिला लोक खरं सांगत, कारण ती उद्याही तिथंच असणार होती. आणि अनुभव असा, की जिथं घरमालकानं स्वतः उभं राहून काम करून घेतलं, तिथं पैसाही कमी लागला आणि घरही त्याला आपलं वाटलं. सरळ आखणीच्या नव्या गावांत मात्र घरं टिकाऊ झाली, पण जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरलेले रस्ते, गटारं, दिवे ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडले. कालांतरानं लोकांनी घराला पत्र्याची शेड जोडली, गोठा जोडला. ती प्रत्येक शेड म्हणजे फॉर्मात लिहिता न आलेला शेरा आहे.

हा शेरा वाया गेला नाही. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला, तेव्हा लातूरचा अनुभव समोर होता. गुजरातमध्ये गावं हलवण्यापेक्षा घरमालकालाच पैसे आणि मार्गदर्शन देऊन जागेवर बांधू द्यायचं, यावर मुख्य भर राहिला. म्हणजे आपल्याकडच्या चुकीतून कच्छचा माणूस शहाणा झाला. आपण किती झालो, हे आपलं आपण तपासायचं.

कर्व्यांची ती संघटना २०१५ मध्ये नीती आयोगाच्या मूल्यमापन कार्यालयात विलीन झाली. आता पाहण्या टॅबवर होतात, उत्तरं त्याच दिवशी दिल्लीला पोचतात. वेग वाढला, चांगलंच आहे. पण पुढच्या वेळी तुमच्या दारात कुणी प्रश्नावली घेऊन आलं, मग ते पीकविम्याबद्दल असो की घरकुलाबद्दल, तर आधी तुम्हीच विचारा : ‘मी नाही म्हटलं, तर माझं नाव कुठं जाईल?’ त्यानं उत्तर दिलं तर पुढं बोला. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या प्रश्नावली घेऊन जाणार असाल, तर मागचा कोरा कागद वापरा.

आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.