रांग कुठे अडते?
१८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांनी उतारावरून घरंगळणारी गाडी सुरू केली. भाडे ५ सेंट. पण पलीकडच्या टोकाला सगळ्यांना उतरावे लागे; मग डबा ढकलत परतीच्या रुळावर चढवायचा! १८८५ मध्ये फिलिप हिंकल यांनी चढावर गाडी ओढायला यंत्र लावले. १९५९ च्या डिस्नेलँडमधील मॅटरहॉर्नवर तर रुळाचे टप्पे पाडून एकाच वेळी अनेक गाड्या धावू लागल्या. पुढचा टप्पा रिकामा होईपर्यंत मागची गाडी थांबणार.

आता हिशेब करू. २४ जणांची गाडी दर २ मिनिटांनी सुटली, तर तासाला ७२० जण बसतील. दीड मिनिटाने सुटली, तर ९६०. म्हणजे आपल्यापुढे ७२० जण असतील, तर तासाऐवजी पाऊण तास थांबायचे. मधले अर्धे मिनिट बहुधा फलाटावर, पट्टे तपासण्यात जाते. तिथे घाई व्हावी असे आम्हाला वाटत नाही.