ज्याचं व्यसन, त्याचंच औषध?

१८८४ साली फ्रॉइड यांनी मॉर्फिन सोडवायला एका मित्राला कोकेन दिलं. मित्राला कोकेनचंही व्यसन जडलं. हे लक्षात ठेवून आपण निकोटिनच्या च्युइंगमकडे वळू. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये लुंडच्या संशोधकांनी पाहिलं, की पाणबुडीतले खलाशी सिगारेट ओढता येत नाही म्हणून तोंडात तंबाखू धरतात. त्यांनी ते ओव्हे फर्नो या रसायनशास्त्रज्ञांना कळवलं (हे गृहस्थ स्वतः सिगारेटवाले!). त्यातून हा गम निघाला.

पण ज्याचं व्यसन तेच द्यायचं? शंका खुळी नव्हती. मग तपासायचं काय? आपण पदार्थाकडे बघतो, आणि खरी मेख असते वेगात. धुरातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. गममधलं राळेला बांधलेलं असतं; चघळावं तसं सुटतं, रक्तात चढायला अर्धा तास घेतं. तलफ भागते, झिंग येत नाही. म्हणूनच अशा चाचण्यांत माणसांना सरळ विचारतात, ‘आवडलं का?’, आणि उत्तर नुसत्या नकली गोळीच्या उत्तराशी ताडून बघतात.

अमेरिकेत १९८४ मध्ये गम चिठ्ठीवर मिळू लागला, १९९६ मध्ये चिठ्ठीविना. काहीजण तो वर्षानुवर्षं चघळतात. त्याला अवलंबन म्हणा हवं तर. दुरुपयोग म्हणायला आम्ही तयार नाही.