रिकाम्या स्लॉटचा इतिहास : वूडू कार्डाचा उदय आणि अस्त

१/१०
१९९६ चा घरगुती संगणक लेखन आणि हिशेब उत्तम करी. त्रिमितीय दृश्य उभे करताना मात्र त्याची दमछाक होई. प्रत्येक भिंत आणि सावली प्रोसेसरलाच मोजून काढावी लागे. त्या वर्षी जूनमध्ये ‘क्वेक’ हा खेळ आला आणि ही मर्यादा ठळकपणे जाणवू लागली.

२/१०
अशी दृश्ये वेगाने रेखाटणारी यंत्रे तेव्हाही होती. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) मधील संगणकनिर्मित डायनासोर सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या वर्कस्टेशनवर घडले होते. परंतु ती यंत्रे स्टुडिओंसाठी आणि प्रयोगशाळांसाठी होती. सामान्य कुटुंबाला ती परवडणे अशक्य होते.

३/१०
त्याच कंपनीत पूर्वी काम केलेल्या रॉस स्मिथ, गॅरी टारोली आणि स्कॉट सेलर्स यांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘थ्रीडीएफएक्स’ स्थापन केली. १९९६ मध्ये मेमरीचे भाव कोसळले आणि ४ एमबी मेमरीचे ‘वूडू’ कार्ड घरगुती ग्राहकाला विकणे शक्य झाले.

४/१०
वूडूची रचना विलक्षण होती. ते जुन्या कार्डाची जागा घेत नसे, शेजारच्या रिकाम्या पीसीआय स्लॉटमध्ये बसे. जुन्या कार्डाची केबल वूडूत येई आणि तिथून दुसरी मॉनिटरकडे जाई. एरवी वूडू जुने चित्र तसेच पुढे पाठवी. खेळ सुरू होताच पडद्याचा ताबा घेई. ऑर्किड कंपनीच्या कार्डावर हा बदल रिले करीत असे. तो ‘टक्’ आवाज बाहेर ऐकू येई.

५/१०
संगणक तोच, प्रोसेसर तोच. केवळ एका कार्डाची भर. जानेवारी १९९७ मध्ये जॉन कारमॅक यांनी ‘क्वेक’ची ‘जीएलक्वेक’ ही आवृत्ती दिली. वूडू असलेल्या संगणकावर तोच खेळ ६४० × ४८० च्या पडद्यावर सफाईने चालू लागला.

६/१०
थ्रीडीएफएक्स तेव्हा केवळ चिप्स पुरवीत असे. कार्ड बनवून विकण्याचे काम डायमंड, ऑर्किड यांसारख्या कंपन्यांकडे होते. या श्रमविभागणीमुळेच एका लहान कंपनीची चिप दूरदूरच्या दुकानांत पोहोचली.

७/१०
१९९८ मध्ये ‘वूडू २’ आले. दोन कार्डे जोडली की एक सम ओळी रेखाटी, दुसरे विषम. या पद्धतीला ‘एसएलआय’ म्हणत. तिच्यामुळे १०२४ × ७६८ चे चित्र मिळे; पण जुने कार्ड धरून तीन कार्डांना जागा द्यावी लागे.

८/१०
तोवर प्रतिस्पर्धी जागे झाले होते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एनव्हिडियाची पहिली चिप बाजारात अपयशी ठरली होती. १९९७ च्या ‘रिवा १२८’ ने मात्र द्विमितीय आणि त्रिमितीय ही दोन्ही कामे एकाच कार्डावर आणली. थ्रीडीएफएक्सची ‘ग्लाइड’ प्रणाली केवळ वूडूसाठी होती. मायक्रोसॉफ्टची ‘डायरेक्ट थ्रीडी’ निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांवर चाले.

९/१०
डिसेंबर १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सने एसटीबी ही कार्डनिर्माती कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. आता कार्डेही तीच बनवणार होती. कालचे ग्राहक एका निर्णयाने प्रतिस्पर्धी झाले आणि इतरांच्या चिप्सकडे वळले. १९९९ मध्ये एनव्हिडियाचे ‘जीफोर्स २५६’ आले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली प्रमुख मालमत्ता एनव्हिडियालाच विकण्याचे ठरवले. २००२ मध्ये तिने दिवाळखोरी पत्करली.

१०/१०
ज्या रिकाम्या स्लॉटने वूडूला घराघरांत प्रवेश दिला, त्याच स्लॉटमुळे ते काढून दुसरे कार्ड बसवणेही तितकेच सोपे होते. ग्राहकाला संगणक बदलावा लागला नाही, केवळ कार्ड बदलले. २००४ मध्ये एनव्हिडियाने दोन कार्डे जोडण्याची स्वतःची पद्धत आणली. तंत्र वेगळे होते. नाव मात्र तेच ठेवले : एसएलआय.