सेल्फ मारला तरी गाडी स्टार्ट होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांबरोबर प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनीही आहे. गाड्यांच्या इंजिनात बसणारे कॅमशाफ्ट ती बनवते. पण शिफ्ट सुटल्यावर त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या कारने चावी फिरवताच नुसतं 'टक्' केलं, तर दोष इंजिनात असण्याची शक्यता फार कमी. तो बहुतेक वेळा विजेचा असतो. आणि बहुतेक जण एकच निदान करतात : बॅटरी गेली. काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते आणि आठवड्याभरात पुन्हा तेच 'टक्'.

एक गाडी, दोन सर्किट

'सेल्फ मारणे' हा शब्दप्रयोग 'सेल्फ-स्टार्टर'वरून आला. आधी इंजिन हाताने हँडल फिरवून सुरू करावं लागे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅक कंपनीने १९१२च्या मॉडेलमध्ये दिला आणि हँडल हळूहळू मागे पडलं. मूळ कल्पना अजून तीच आहे.

यात दोन सर्किट असतात. पहिलं बारीक वायरचं : चावी, क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच, रिले आणि तिथून सेल्फवरचा सोलेनॉईड. त्याचं काम फक्त हुकूम पोहोचवण्याचं. दुसरं जाड केबलचं : बॅटरीपासून सोलेनॉईडमार्गे सेल्फच्या मोटरला आणि इंजिनाच्या धातूतून अर्थिंगच्या पट्टीने परत बॅटरीला. इथून छोट्या पेट्रोल कारमध्येही शंभर-दीडशे अँपिअर करंट जातो, डिझेलमध्ये त्याहून जास्त. बिघाड यातल्या कोणत्या सर्किटमध्ये आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

त्यासाठी आधी कान आणि डोळे पुरतात. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. लाइट एकदम मंद झाले आणि 'टक-टक-टक' आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. लाइट तसेच लख्ख आणि आवाज काहीच नाही, तर बारीक सर्किट तपासावं. एकच जोरदार 'टक्' येऊन सगळं शांत, तर संशय सोलेनॉईडचे कॉन्टॅक्ट, झिजलेले कार्बन ब्रश किंवा जाड केबलवर. आणि इंजिन व्यवस्थित फिरतंय पण पेटत नाही, तर सेल्फला दोष देण्यात अर्थ नाही. तो प्रश्न पेट्रोलचा, स्पार्कचा किंवा इमोबिलायझरचा.

मीटर काय सांगतो

पुढचं काम साध्या मल्टीमीटरचं. गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. पण इतक्यावर थांबणं ही नेहमीची चूक. म्हातारी बॅटरी आरामात असताना १२.६ दाखवते आणि सेल्फ मारताच आठवर कोसळते. त्यामुळे दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी आकडा पाहावा. तो ९.६च्या खाली गेला तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासावी. चार्ज करूनही तेच होत असेल, तर मग खरंच बॅटरी बदलावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या प्लेट लवकर गंजतात. थंडीत बॅटरी दगा देते असं म्हणतात, पण तिचं आयुष्य खरं तर उन्हाळाच खातो.

आकडा दहाच्या वर राहिला आणि तरीही सेल्फ हळू फिरत असेल, तर व्होल्टेज वाटेत कुठेतरी मुरतंय. इथे मीटरची एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीचा खांब आणि सेल्फचा बोल्ट यांच्यात ०.५ व्होल्टपर्यंत चालतं.

ही चाचणी सेल्फ मारतानाच का? गंजलेल्या जोडाचा रोध ०.०१ ओहम धरू. बंद गाडीत साधा मीटर तो पकडूच शकत नाही, केबल 'ओके' दाखवतो. पण त्यातून १५० अँपिअर गेले की दीड व्होल्ट तिथेच उष्णतेत जातात. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुरशी गरम पाण्याने आणि ब्रशने साफ करून नट आवळणं, एवढ्यावर अनेक 'मेलेल्या' बॅटऱ्या जिवंत होतात. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना ते शेवटी.

बारीक सर्किटसाठी सोलेनॉईडच्या बारीक वायरवर मीटर लावून चावी फिरवावी. तिथे जवळपास बॅटरीइतकंच व्होल्टेज येतं आणि बॅटरी, जाड केबल, अर्थिंग ठीक असूनही सेल्फ हलत नाही, तर सेल्फ खोलावा लागेल. व्होल्टेज येतच नसेल तर फ्यूज, रिले, क्लच स्विच असं मागे जावं. रिलेसाठी सोपी युक्ती : त्याच नंबरचा दुसरा रिले, अनेकदा हॉर्नचा असतो, अदलाबदल करून पाहायचा.

गरम झाल्यावरच रुसणारी गाडी

सकाळी पटकन सुरू होते, पण अक्कलकोटला जाऊन आल्यावर दहा मिनिटं बंद केली की सेल्फ लागत नाही, अशीही तक्रार असते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. इंजिनाच्या धगीने सोलेनॉईड ५० अंशांनी तापला तर रोध २० टक्क्यांनी वाढतो आणि आधीच कमी व्होल्टेज मिळणारा सोलेनॉईड ओढ घेत नाही. अशी गाडी गार झाल्यावर गॅरेजला नेली तर दोष सापडत नाही. मोजमाप गरम असतानाच करावं.

सगळं ठीक असूनही बॅटरी रोज सकाळी उतरलेली सापडली, तर दोन गोष्टी उरतात. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर चार्ज करत नाही. बंद गाडीत करंट गळत असेल तर निगेटिव्ह केबल काढून मध्ये अँपिअर मीटर जोडतात. लॉक करून अर्धा तास थांबल्यावर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं, तर एकेक फ्यूज काढून चोर शोधावा. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा जीपीएस आधी तपासावा. मात्र मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये. मीटरची क्षमता सहसा १० अँपिअरची, सेल्फ शंभरावर खेचतो.