विंडस्केलची आग (१९५७) : अणुशक्ती आणि गोपनीयता

अणुशक्तीच्या धोक्यांची चर्चा बहुधा यंत्ररचनेपासून सुरू होते आणि तेथेच थांबते. इंग्लंडमध्ये कंबरलंडच्या किनाऱ्यावर विंडस्केल येथे ऑक्टोबर १९५७ मध्ये लागलेल्या आगीचा इतिहास पाहिला असता ही चर्चा अपुरी आहे असे दिसून येते. यंत्रातील दोष सुधारता येतो. परंतु तत्पूर्वी तो उघडपणे सांगितला जावा लागतो.

विंडस्केलच्या दोन भट्ट्या अणुबाँबसाठी प्लुटोनियम निर्माण करण्याकरिता १९५० व १९५१ मध्ये सुरू झाल्या. त्यांतील ग्रॅफाइटमध्ये न्यूट्रॉनांच्या माऱ्यामुळे ऊर्जा साठत जाई व ती ग्रॅफाइट तापवून वेळोवेळी मोकळी करावी लागे. ७ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिल्या भट्टीत ही क्रिया आरंभिण्यात आली. तापमापके नेहमीच्या कामाच्या सोयीने बसविलेली असल्याने सर्वांत तप्त भाग त्यांच्या टप्प्याबाहेर राहिला. १० तारखेस इंधन पेटल्याचे आढळले. दुसऱ्या दिवशी पाण्याचा मारा करून व हवेचा झोत बंद करून आग आटोक्यात आणली गेली. किरणोत्सारी आयोडीन कुरणांतून गाईंच्या दुधात उतरल्यामुळे सुमारे २०० चौरस मैलांच्या टापूतील दुधाची विक्री थांबविण्यात आली. हानी याहून मोठी झाली नाही, याचे बरेचसे श्रेय धुराड्यांच्या माथ्यावरील गाळण्यांना द्यावे लागते. जॉन कॉक्रॉफ्ट यांनी आग्रहाने बसविलेल्या या गाळण्यांची पूर्वी ‘कॉक्रॉफ्टचा खुळेपणा’ म्हणून टवाळी होत असे.

सर विल्यम पेनी यांच्या समितीने त्याच महिन्यात चौकशी पुरी केली. अमेरिकेशी अण्वस्त्रविषयक सहकार्य पुन्हा जुळून येण्याचा तो काळ असल्याने पंतप्रधान हॅरोल्ड मॅकमिलन यांनी अहवाल प्रसिद्ध होऊ दिला नाही. नोव्हेंबरमध्ये निघालेल्या श्वेतपत्रिकेत दोषाचा काही वाटा कर्मचाऱ्यांच्या पदरी घातला गेला. मूळ अहवाल खुला व्हावयास १९८८ साल उजाडावे लागले.

ही गोपनीयता शस्त्रनिर्मितीपुरती होती, वीजनिर्मितीशी तिचा संबंध नाही, असा आक्षेप घेता येईल. परंतु विंडस्केलच्या भट्ट्या आणि शेजारचे, १९५६ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झालेले कॉल्डर हॉलचे वीजकेंद्र एकाच अणुऊर्जा प्राधिकरणाच्या हाती होते. खुद्द कॉल्डर हॉलमध्येही प्लुटोनियम हे प्रमुख उद्दिष्ट होते. संस्था एक असल्यावर तिच्या सवयी दोन असणे कठीण.

शासनपद्धती बदलल्याने ही वृत्ती बदलत नाही, याचे प्रत्यंतर सोव्हिएत संघात मिळते. विंडस्केलच्या आगीपूर्वी अवघे अकरा दिवस, २९ सप्टेंबर १९५७ रोजी, उरल प्रदेशातील मायाक येथे शीतनव्यवस्था बिघडून किरणोत्सारी द्रवाच्या टाकीचा स्फोट झाला. झोरेस मेदवेदेव यांनी १९७६ मध्ये ही घटना उजेडात आणली, तेव्हा ब्रिटिश प्राधिकरणाचे अध्यक्ष सर जॉन हिल यांनीच ती थोतांड म्हणून झिडकारली. सोव्हिएत शासनाची अधिकृत कबुली १९८९ मध्ये आली.

उत्पादन करणारा, दोष जाणणारा आणि तो सांगावा की न सांगावा हे ठरविणारा जेथे एकच असतो, तेथे एका अपघाताचा धडा दुसऱ्या भट्टीपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. म्हणून कोणत्याही अणुकेंद्राच्या सुरक्षिततेचा अभ्यास करताना भिंतींच्या जाडीइतकेच त्याच्या दप्तराकडेही लक्ष दिले पाहिजे.